रतीब आणि कोजागरी : भाड्याची घरं जातात कुठे?

सुट्टीला गेल्यावर हॉटेलाऐवजी अख्खा फ्लॅट घ्यायची सवय आता मराठी घरांनाही लागली आहे. गोवा, अलिबाग, आणि परदेशी जाणारे असतील तर पॅरिस, बार्सिलोना. सोय मोठी असते. आजीला पहाटे उठून स्वतःचा चहा टाकता येतो, पोरांना वेगळी खोली मिळते, बरोबर बांधून आणलेल्या दशम्या तव्यावर गरम होतात. दाराशी मालक नसतो. कडीजवळ आकड्यांच्या कुलपाची एक छोटी पेटी लटकत असते. फोनवर आलेले चार आकडे फिरवले की किल्ली हातात येते.

त्या स्वयंपाकघरात उभं राहिल्यावर मनात यायला हवं, की हा ओटा कुणासाठी बांधला असेल? हॉटेलच्या खोलीला ओटा नसतो, कपडे वाळत घालायला गॅलरी नसते, तळमजल्यावर नावाची टपालपेटी नसते. हे घर बांधलं गेलं तेव्हा इथे कुणीतरी वर्षानुवर्षं राहील, असं मालकानं आणि नगरपालिकेनंही धरलं होतं. मग तो राहणारा गेला कुठे?

बार्सिलोना शहर हा प्रश्न गेली दहा-बारा वर्षं स्वतःला विचारत आहे. शहर जेमतेम 100 चौरस किलोमीटरचं, वस्ती सोळा लाखांच्या वर. एका अंगाला समुद्र, पाठीशी कोल्सेरोलाचे डोंगर, उरलेल्या दोन बाजूंना बेसोस आणि योब्रेगात या नद्या. मुंबईकराला हा नकाशा समजावून सांगायला नको. पसरायला जागाच नाही. जून 2024 मध्ये महापौर जाउमे कोलबोनी यांनी सांगितलं, की दहा वर्षांत शहरातलं घरभाडं 68 टक्क्यांनी वाढलं आहे. त्याच वेळी त्यांनी जाहीर केलं, की पर्यटकांना देण्यासाठी परवाना असलेले शहरातले 10,101 फ्लॅट नोव्हेंबर 2028 नंतर त्या कामासाठी वापरता येणार नाहीत. एकाही परवान्याचं नूतनीकरण होणार नाही.

एवढा कडक उपाय युरोपातल्या फार थोड्या शहरांनी योजला आहे. तो कशासाठी, आणि तो लागू पडेल का, हे कळायला आधी घर हातातून निसटतं कसं ते पाहू.

रतीब आणि मसाला दूध

गवळ्याकडे रोजचं ठरावीक दूध असतं. त्यातलं बहुतेक रतिबाला जातं. भाव महिन्याचा, हिशेब महिन्याचा. गिऱ्हाईक ठरलेलं, आणि त्याला खाडा चालत नाही. कोजागरीला मात्र तेच दूध आटवून, केशर-वेलची घालून, ग्लासाच्या हिशेबानं विकलं तर कितीतरी पट पैसे सुटतात. वर्षातून एक रात्र हे चाललं तर कुणाची तक्रार नसते. पण रोजच कोजागरी असेल तर? गवळी लबाड असायची गरज नाही. तो फक्त हिशेब करील, आणि एकेका घरचा रतीब बंद होत जाईल.

महिन्याच्या भाड्यानं दिलेलं घर म्हणजे रतीब, आणि रात्रीच्या दरानं दिलेलं तेच घर म्हणजे मसाला दूध. समजा एका फ्लॅटचं महिन्याचं भाडं 1,100 युरो आहे. हाच फ्लॅट पर्यटकाला रात्रीच्या 150 युरोंनी दिला आणि महिन्यातल्या वीसच रात्री भरल्या, तरी 3,000 युरो जमा होतात. सफाई, चादरी, अॅपचं कमिशन, किल्ली सांभाळणाऱ्या माणसाचे पैसे असे चाळीस टक्के वजा केले तरी 1,800 उरतात. महिन्याला 700 युरोंचा फरक. आकडे माझे, समजण्यासाठी घेतलेले आहेत. पण समुद्रकाठच्या प्रसिद्ध शहरात हिशेबाचा कल असाच असतो.

पैशाखेरीज आणखी एक आकर्षण असतं, आणि ते मला पैशाइतकंच महत्त्वाचं वाटतं. स्पेनच्या कायद्यानुसार नेहमीच्या निवासासाठी घर भाड्यानं घेतलं, तर मालक व्यक्ती असल्यास भाडेकरूला 5 वर्षं आणि मालक कंपनी असल्यास 7 वर्षं राहण्याची हमी मिळते. पर्यटक चौथ्या दिवशी जातो. मालकाला घर विकायचं असो, मुलाला द्यायचं असो, दर वाढवायचा असो, हात मोकळे राहतात. भाडेकरूला जी हमी वाटते, ती मालकाला बेडी वाटू शकते. रात्रीच्या भाड्यानं ती बेडी सुटते.

हे आधी का होत नव्हतं? कारण दूध होतं, कोजागरीही होती, पण दोघांची गाठ पडत नव्हती. अनोळखी पाहुणा शोधणं, त्याच्यावर विश्वास टाकणं आणि त्याच्याकडून पैसे घेणं, या तीन अडचणी होत्या. 2007 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ब्रायन चेस्की आणि जो गेबिया यांनी आपल्या भाड्याच्या घरात हवेच्या गाद्या टाकून परिषदेला आलेल्या पाहुण्यांना जागा दिली. त्यातूनच पुढे एअरबीएनबी उभी राहिली. तिनं आणि तिच्यासारख्या अॅपांनी या तिन्ही अडचणी एका पडद्यावर सोडवल्या. सुरुवात घरातली मोकळी जागा वाटून घेण्याची होती, हे विसरू नये. पुढे याच वाटेनं राहणारं कुणी नसलेली अख्खी घरं बाजारात आली, आणि खरी अडचण तिथे सुरू झाली.

दहा हजारांनी असा काय फरक पडतो?

पर्यटक-फ्लॅटवाल्यांचा एक मुद्दा नेहमी पुढे येतो. शहरात घरं लाखोंच्या संख्येनं आहेत, त्यात दहा हजार म्हणजे शंभरात एक-दोन. तेवढ्यानं भाडं कसं वाढेल?

याचं उत्तर एसटीत सापडतं. गाडी भरलेली आहे. ज्यांना जागा मिळाली आहे त्यांना चिंता नाही. पुढच्या थांब्यावर चार जण उतरतात आणि सहा जण चढायला उभे असतात. खिडकीतून कुणी त्या चारपैकी एका सीटवर रुमाल टाकला, तर सगळ्या गाडीच्या मानानं ती एकच सीट, पण चढणाऱ्यांसाठी चौथा हिस्सा. शहरातली बहुसंख्य घरं अशीच भरलेली असतात, कुठे मालक राहतो तर कुठे जुना भाडेकरू. आज घर शोधणाऱ्याच्या वाट्याला येतात ती या महिन्यात रिकामी झालेली मोजकी घरं. पर्यटकांकडे गेलेल्या घरांची तुलना करायची तर ती या मोजक्या घरांशी करायला हवी. शिवाय हे रुमाल सगळ्या गाडीभर सारखे पडत नाहीत. बार्सिलोनात गॉथिक वस्ती, समुद्राकाठची बार्सिलोनेता आणि आइशाम्प्ला या भागांत ते दाटीनं पडले.

अर्थशास्त्रज्ञांनी हे मोजून पाहिलं आहे. मिकेल-आंजेल गार्सिया-लोपेस आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार एअरबीएनबीमुळे बार्सिलोनाच्या सरासरी वस्तीत भाडं 1.9 टक्क्यांनी वाढलं. जिथे अशी घरं सर्वांत जास्त होती त्या वस्त्यांत मात्र भाडं 7 टक्क्यांनी आणि घरांच्या विक्रीची किंमत 17 टक्क्यांनी वाढली.

हे आकडे दोन्ही बाजूंना नीट वाचावे लागतात. परिणाम खरा आहे आणि गर्दीच्या वस्तीत तो जाणवण्याइतका मोठा आहे. पण तो 68 टक्क्यांचा सगळा हिशेब देत नाही. बार्सिलोनात नोकरीसाठी, शिक्षणासाठी बाहेरून माणसं येतात, नवी घरं पुरेशी बांधली गेली नाहीत, आणि स्पेनमध्ये सरकारी किंवा सामाजिक भाड्याची घरं अगदीच थोडी आहेत. नेदरलँडमध्ये चारात एकाहून अधिक घरं अशा भाड्याची असतात. भाडेवाढीचं सगळं खापर पर्यटकाच्या चाकांच्या बॅगेवर फोडलं, तर हे बाकीचे प्रश्न मागे पडतात.

कात्री कुठे लावायची?

सरकारला रात्रीचं भाडं आवरायचं असेल तर कात्री वेगवेगळ्या ठिकाणी लावता येते.

[चौकट] कुठल्या शहराची कुठली कात्री

रात्री मोजणं : स्वतःचं राहतं घर वर्षातून ठरावीक रात्रीच देता येतं. लंडनमध्ये 90 रात्री (2015 पासून), ॲम्स्टरडॅममध्ये 30 रात्री (2019 चा नियम). पॅरिसची मर्यादा 120 होती, ती 2025 पासून 90 झाली.
मालक घरात हवा : न्यूयॉर्कमध्ये 30 दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घर द्यायचं तर मालकानं तिथेच राहायचं आणि पाहुणे जास्तीत जास्त दोन.
घराच्या बदल्यात घर : पॅरिसमध्ये दुसरं घर पर्यटकांसाठी वळवायचं तर बऱ्याच ठिकाणी त्या बदल्यात दुकान किंवा कार्यालयाची जागा राहण्याजोगी करून द्यावी लागते.
परवान्यांवर मर्यादा : बार्सिलोनानं 2017 च्या आराखड्यात शहरातल्या पर्यटक-फ्लॅटांची संख्या गोठवली. आता ती शून्यावर आणायची आहे.

या सगळ्यांत न्याय्य फरक कुठला, असं मला विचाराल तर मी म्हणेन राहतं घर आणि न राहतं घर यांतला. मे महिन्यात गावी जाताना आपला फ्लॅट पंधरा दिवस पाहुण्यांना देणाऱ्यानं भाडेकरूच्या वाट्याचं काही घेतलेलं नसतं. ते घर एरवीही भाड्याच्या बाजारात येणार नव्हतं. पण केवळ रात्रीच्या भाड्यासाठी घेतलेला पाचवा, सहावा फ्लॅट थेट रतिबातून उचललेला असतो. बार्सिलोनानं 2021 मध्ये तर घरातली एखादी खोलीसुद्धा 31 दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी द्यायला मनाई केली. मला ती अतिरेकी वाटते. एकट्या राहणाऱ्या वृद्धेला रिकाम्या खोलीतून चार पैसे मिळत असतील, तर त्यानं शहरातलं एकही घर कमी होत नाही.

दारावरचा क्रमांक

आता मुख्य गोष्ट, जी या चर्चांमध्ये बहुतेक वेळा मागे राहते. नियम कितीही चांगला असो, नगरपालिकेला घर दिसलं तरच तो चालतो.

बाजारातल्या दुकानाला पाटी असते. वजनमाप तपासणारा माणूस तिथे जाऊन तराजू पाहू शकतो. रात्रीच्या भाड्याचं दुकान मात्र फोनमध्ये असतं. जाहिरातीत फोटो आणि वस्तीचं नाव दिसतं, पण नेमका पत्ता बुकिंग झाल्यावरच कळतो. नगरपालिकेनं शोधायचं तरी कुठे? लंडनच्या 90 रात्रींच्या मर्यादेचं दुखणं हेच. मर्यादा आली, पण घरांची नोंदणी आली नाही. एका अॅपनं आपल्या रात्री मोजल्या तरी मालक उरलेल्या रात्री दुसऱ्या अॅपवर देऊ शकतो, आणि बेरीज करणारं कुणीच नसतं.

न्यूयॉर्कचा अनुभव याहून बोलका आहे. मालक घरात नसताना फ्लॅट 30 दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी देण्यावर तिथे 2010 च्या कायद्यानुसार बंदीच होती, तरी हजारो जाहिराती राजरोस चालू होत्या. निरीक्षक एकेका दारावर जाऊन किती दारं वाजवणार? 2022 चा 18 क्रमांकाचा स्थानिक कायदा 5 सप्टेंबर 2023 पासून अमलात आला आणि त्यानं एकच गोष्ट बदलली. प्रत्येक मालकानं शहराकडून नोंदणी क्रमांक घ्यायचा, आणि अॅपनं तो क्रमांक शहराच्या यादीशी ताडून पाहिल्याशिवाय बुकिंगचे पैसे घ्यायचे नाहीत. घेतले तर दंड अॅपलाही. काही आठवड्यांत अल्पमुदतीच्या जाहिराती झपाट्यानं ओसरल्या. बंदी तर जुनीच होती. पहारा तेवढा रस्त्यावरून गल्ल्यावर आला.

बार्सिलोना याच वाटेनं गेलं. हे शहर ज्या प्रांतात आहे त्या कातालोनियात पर्यटक-फ्लॅटला नोंदणी क्रमांक असतो आणि तो जाहिरातीत दाखवावा लागतो. परवाना नसलेल्या घरांच्या जाहिराती ठेवल्याबद्दल शहरानं 2016 मध्ये एअरबीएनबी आणि होमअवे या कंपन्यांना प्रत्येकी 6 लाख युरोंचा दंड सुनावला. मे 2025 मध्ये स्पेन सरकारनं एअरबीएनबीला 65 हजारांहून अधिक जाहिराती काढायला सांगितलं. कारणं काय होती? कुणाकडे क्रमांकच नव्हता, कुणाचा क्रमांक यादीशी जुळत नव्हता, तर काही ठिकाणी मालक व्यक्ती आहे की कंपनी, याचाच पत्ता नव्हता. युरोपीय संघानंही 2024 मध्ये नियम केला, की जिथे नोंदणीपद्धत आहे तिथे अॅपांनी क्रमांक तपासायचा आणि कुठलं घर किती रात्री गेलं याची माहिती सरकारला द्यायची. त्याच्या अंमलबजावणीची तारीख 20 मे 2026 ठरली.

एक नियम आपल्या सोसायट्यांना जवळचा वाटेल. एप्रिल 2025 पासून स्पेनमध्ये इमारतीतला फ्लॅट नव्यानं पर्यटकांना द्यायचा असेल तर इमारतीतल्या मालकांच्या सभेत तीन पंचमांश मतांची मंजुरी लागते. रात्री दोन वाजता जिन्यात बॅगा आपटल्या की झोप शेजाऱ्याची मोडते. त्याला मत असणं योग्यच आहे.

अकरा महिने

फुगा एका बाजूनं दाबला की दुसरीकडून फुगतो. मार्च 2024 मध्ये बार्सिलोनासह कातालोनियातल्या अनेक शहरांत नव्या भाडेकरारांवर कमाल मर्यादा आली. ती होती नेहमीच्या निवासाच्या करारांना. मग हंगामी करारांचं प्रमाण वाढलं. हा करार म्हणजे शिक्षणासाठी किंवा तात्पुरत्या कामासाठी आलेल्यांना काही महिने घर देणं. मुदत एका महिन्याच्या वर, म्हणून ते पर्यटक-भाडं नव्हे. मुदत एका वर्षाच्या आत, म्हणून नेहमीचं निवासही नव्हे. अनेक करार नेमके अकरा महिन्यांचे.

अकरा महिने! महाराष्ट्रात भाड्यानं राहिलेल्या प्रत्येकाला हा आकडा पाठ आहे. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नव्हती, या जुन्या कायद्याच्या फटीतून आपल्याकडे अकरा महिन्यांचा रिवाज पडला. दोन देश आणि दोन वेगळे कायदे असूनही मालकाचं मन एकाच आकड्यावर जाऊन थांबलं. न्यूयॉर्कमध्येही अशीच पळवाट निघाली. कितीतरी जाहिरातींवरची किमान मुदत 30 दिवस झाली. त्या घरांपैकी सगळी काही स्थानिक भाडेकरूंकडे परतली नाहीत. 2023 च्या पाहणीत न्यूयॉर्कमधल्या भाड्याच्या घरांपैकी रिकामी होती 1.41 टक्के. इतकी टंचाई असताना केवळ या एका कायद्यानं भाडं उतरेल, अशी अपेक्षा कुणी ठेवली असेल तर ती चुकीची होती.

मालकांची बाजूही ऐकायला हवी. बार्सिलोनातल्या पर्यटक-फ्लॅटवाल्यांची संघटना अपार्तुर हिनं परवाने बंद करण्याच्या निर्णयाला कडाडून विरोध केला आहे. आम्ही कायद्यानं परवाना घेतला, कर भरला, त्यावर कर्ज काढलं, आणि आता तो रद्द, हे त्यांचं म्हणणं पोकळ नाही. म्हणूनच, ज्या हुकमावर हा निर्णय उभा आहे त्या कातालोनिया सरकारच्या 2023 च्या हुकमानं परवाने लगेच काढून घेतले नाहीत. त्यांना पाच वर्षांची मुदत दिली, आणि पुढे घरांची तंगी असलेल्या गावांत परवाना द्यायचा की नाही हे नगरपालिकेवर सोपवलं. हा हुकूम स्पेनच्या घटनात्मक न्यायालयात गेला. मार्च 2025 मध्ये न्यायालयानं तो वैध ठरवला. सरसकट बंदी येण्याआधी राहती घरं आणि धंद्याची घरं वेगळी काढली गेली असती तर बरं झालं असतं, असं माझं मत आहे. पण 16 लाखांचं शहर आणि 100 चौरस किलोमीटर जमीन हे गणित समोर असताना, राहायला बांधलेल्या घरावर पहिला हक्क राहणाऱ्याचा, या बार्सिलोनाच्या भूमिकेशी मी सहमत आहे.

गोव्याकडे पाहताना

आसगाव, शिवोली, हणजूण या गावांतून फिरताना बार्सिलोनाची आठवण व्हावी अशी परिस्थिती आहे. जुनी घरं दुरुस्त होऊन व्हिला झाली आहेत आणि रात्रीच्या दरानं जातात. गोव्यात अशा घरांची पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. 1982 पासून त्यासाठी कायदा आहे. परदेशी पाहुणा उतरला तर 24 तासांत सरकारला कळवावं लागतं. म्हणजे नोंदणीची कल्पना आपल्याला नवी नाही. फक्त तिचा रोख पाहुण्याची सुरक्षितता आणि धंद्याची नोंद यांवर आहे. हे घर आधी कुणाच्या भाड्याचं होतं का, गावातल्या शिक्षिकेला किंवा परिचारिकेला आता इथे महिन्यानं खोली मिळते का, हा प्रश्न त्या अर्जात नसतो.

महाराष्ट्रात तर विचित्र स्थिती आहे. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करणं आणि नोंदवणं सक्तीचं केलं. त्यामुळे वर्षासाठी घर घेणाऱ्या कुटुंबाची नाव, पत्ता, भाडं, डिपॉझिट अशी सगळी नोंद सरकारदरबारी होते. शेजारच्या फ्लॅटमध्ये दर शुक्रवारी नवे पाहुणे येत असतील, तर त्या घराच्या रात्री कुणी मोजत नाही. कुठली कात्री आपल्याला योग्य, हे नंतर ठरवता येईल. आधी गावोगाव आणि वॉर्डावॉर्डात अशी घरं किती, हे तरी कळायला हवं.

बार्सिलोनाला ते कळण्याची सोय आहे. कातालोनियात भाडेकरूचं डिपॉझिट मालकाकडे राहत नाही. ते इन्कासोल या सरकारी संस्थेत भरावं लागतं, आणि त्याच नोंदींवरून शहराच्या सरासरी भाड्याचे आकडे निघतात. नोव्हेंबर 2028 नंतर किल्लीच्या पेट्या काढल्या गेल्यावर त्या 10,101 दारांमागे नेमकं काय झालं, हे तिथेच दिसेल. किती पत्त्यांवर पाच वर्षांच्या कराराचं डिपॉझिट जमा झालं, किती पत्त्यांवर अकरा महिन्यांचं, आणि किती पत्त्यांवर काहीच नाही.